मातृभाषेचा रकाना

जून महिन्यात पहिलीचे प्रवेश सुरू झाले की प्रवेश अर्ज भरून घेण्याचे काम माझ्याकडे असते. हुपरी परिसरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी शिकवते. नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय हे रकाने सरळ असतात. व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक वेळा 'चांदी कारागीर' असेच लिहायचे असते. त्यानंतर 'मातृभाषा' हा रकाना येतो. तिथे मी गेली कित्येक वर्षे कोणालाही न विचारता 'उर्दू' असे लिहीत आले.

यंदा एका आईला मी सहज विचारले, "मातृभाषा क्या लिखू?" तिच्या बोटांना चांदीच्या कड्या जोडून जोडून काळेपणा आला होता. काखेत लहान मूल, हाताशी पहिलीत घालायचा मुलगा. ती गोंधळली. म्हणाली, "हमना क्या मालूम आपा, तुमीच लिखो." मी 'उर्दू' लिहिले. तेवढ्यात शिपायाने मुलाच्या पुढे बिस्किट धरले, तर तो आईच्या पदराआड होत म्हणाला, "मेरेकू नक्को, मैं खाको आया."

एवढेच घडले. त्या दिवसापासून मात्र तो रकाना माझ्या डोक्यातून जात नाही. मी जे लिहिले ते खरे होते का? खोटे असेल, तर कोणाच्या हिताचे? आणि एखाद्या माणसाची भाषा कोणती, हे ठरवण्याचा हक्क कोणाचा: त्याचा, त्याच्या आईचा, त्याच्या समाजाचा, की अर्ज भरणाऱ्या शिक्षिकेचा?

या मुलाच्या दिवसाकडे बघा. घरी तो दख्खनी बोलतो. गल्लीत, दुकानात, मित्रांबरोबर मराठी बोलतो, तीही अस्सल कोल्हापुरी. सकाळी मदरशात अरबी कायदा वाचतो. त्यातली अक्षरे नस्ख वळणाची असतात. शाळेत येऊन उर्दूचे पुस्तक उघडतो, तर तीच अक्षरे नस्तालीक वळणात तिरकी उतरत जातात आणि काही दिवस त्याला ओळखूही येत नाहीत. मराठीची वही तो डावीकडून उघडतो, उर्दूची उजवीकडून. इंग्रजीची लिपी आणखी वेगळी. कुणाचे आजोळ चिकोडीकडे असेल, तर एसटीच्या पाट्यांवरची कन्नडही त्याला अनोळखी नसते. सहा वर्षांचे मूल हे सगळे पेलते, त्याबद्दल कुरकुर करत नाही. या सगळ्यांत एकच भाषा अशी आहे की जी त्याला कोणी शिकवलेली नाही आणि जिचे एकही पुस्तक त्याच्या दप्तरात नाही. ती म्हणजे त्याच्या आईची भाषा. आणि 'मातृभाषा' या रकान्यात तिलाच जागा नाही.

यात माझाही दोष आहे, तो आधी सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी मुलांच्या वह्यांतले 'नक्को', 'मेरेकू', 'कायकू' लाल शाईने खोडत असे. वर्गात कोणी असे बोलले की, "ये गंवारू जबान घर में रख के आओ," असे म्हणत असे. मला वाटे की मी जबान सुधारते आहे. एका मुलीने त्यानंतर वर्गात तोंड उघडणेच बंद केले. ती लिहायची छान, विचारले तर मान हलवायची. पुढे तिने शाळा सोडली. ती माझ्यामुळे सोडली असे मी म्हणणार नाही, घरची कारणे होती. पण माझ्या वर्गात ती जी दोन वर्षे मुकी बसली, त्याचे उत्तर मलाच द्यावे लागेल. भाषा शुद्ध करण्याच्या नादात मी तिला सांगितले होते की तुझी आई चुकीचे बोलते.

दख्खनी ही बिघडलेली उर्दू आहे, हा समज आपल्याच समाजात सर्वांत जास्त आहे. इतिहास उलटा आहे. दिल्लीत उर्दू कवितेची मैफल सजली, त्याच्या फार आधी दख्खनमध्ये, बहमनी, आदिलशाही आणि कुतुबशाही दरबारांत, या बोलीत ग्रंथ लिहिले जात होते. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नौरस' याच भाषेत रचली. वली दख्खनीची शायरी दिल्लीत पोहोचली, तेव्हा फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या शायरांना आपल्या बोलीतही मोठी कविता होऊ शकते हे उमगले. जिला आपण आज गावंढळ म्हणतो ती प्रमाण उर्दूच्या वडीलधाऱ्या माणसांपैकी आहे.

आणि ती मराठीच्या अंगणातच वाढलेली आहे. आपण 'मैच', 'तूच', 'वहींच' म्हणतो. हा जोर देणारा 'च' लखनौकडच्या उर्दूत नाही, तो मराठीचा आहे. 'नक्को' म्हणजे आपला 'नको'. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा आपल्या आज्यांनी तो आणला आणि परत करायचे विसरून गेल्या. मराठीनेही तेच केले. प्रवेशाच्या वेळी मी ज्या कागदांना हात लावते, तेच बघा: दाखला, हजेरी, तारीख, तालुका, जिल्हा. यातला एकही शब्द मूळचा मराठी नाही. सगळे अरबी-फारसीतून आलेले, आणि आज त्यांच्याइतके मराठी दुसरे काही नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यातले काही पर्याय टिकले, पण 'हजेरी' गेली नाही, 'दाखला' गेला नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात मराठी शिकवणारे माधव ज्यूलियन यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. 1925 साली त्यांनी 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला, गझल मराठीत रुजवली, आणि 1938 साली त्यांनीच 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परके शब्द वगळण्याचा आग्रह धरला. एकाच माणसाच्या मनात दोन्ही ओढी होत्या. यात मला ढोंग दिसत नाही. आपली भाषा सकस असावी असे ज्याला वाटते, त्याला हा पेच पडतोच. मलाही लाल शाई हातात घेताना तोच पडला होता. फरक इतका की त्यांचा वाद शब्दकोशाशी होता आणि माझा एका मुलीशी.

भाषेपेक्षा लिपीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. उर्दूची लिपी म्हणजे इस्लाम आणि देवनागरी म्हणजे हिंदू धर्म, असे दोन्हीकडच्या पुष्कळांना वाटते. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या जमिनीचा एक जुना कागद आहे. एका मुसलमान शेतकऱ्याचा, मराठी भाषेतला कागद. पण तो उर्दूत नाही आणि बाळबोध देवनागरीतही नाही, तो मोडीत आहे. घरात बी.एड. झालेली मी आहे, भाऊ पदवीधर आहे, दोघांनाही त्यातले अक्षर लागत नाही. वाचायला मोडीचा जाणकार शोधावा लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीचा बहुतेक हिशेब आणि पत्रव्यवहार या मोडीत चालत असे. छापखाना आला, बाळबोध सोयीची ठरली, शाळांतून मोडी उठली. मराठी माणसाने लिपी बदलली म्हणून मराठी मेली नाही, आणि कोणाचा धर्मही बुडाला नाही. शेजारच्या गोव्याची कोकणी तर देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम आणि अरबी-फारसी अशा पाच लिप्यांतून लिहिली गेली. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी मान्य केली, तर रोमन लिपीत पिढ्यानपिढ्या लिहिणाऱ्यांचे दुःख अजून शमलेले नाही. लिपी हा अंगरखा आहे खरा, पण तो अंगातून ओढून काढला तर माणसाला उघडे पडल्यासारखे वाटते, हेही तितकेच खरे.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मराठीतून मैदाने हलवली. 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद संत साहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण यांनी भूषवले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या दर्जाच्या पाठीमागे जी शतके आहेत, त्यांत ही माणसेही आहेत. तरीही मी तालुक्याच्या प्रशिक्षणाला गेले की कोणी तरी कौतुकाने म्हणतेच, "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे!" म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण माझ्या घराण्याच्या किती पिढ्या याच मातीत गेल्या, हे मोडीतल्या त्या कागदावर लिहिलेले आहे. पाहुणीची स्तुती घरातल्या लेकीला का करावी?

आपल्या धर्मग्रंथाने या प्रश्नावर मौन पाळलेले नाही. सूरह रूमच्या 22 व्या आयतीत माणसांच्या भाषांचे आणि वर्णांचे वेगवेगळे असणे हीच अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक निशाणी मानली आहे. सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीचा आशय असा आहे की प्रत्येक पैगंबर आपापल्या लोकांच्या भाषेतच पाठवला गेला, त्यांना स्पष्ट समजावे म्हणून. मग हुपरीच्या मुलाची बोली अल्लाहच्या निशाण्यांतून वगळण्याचा अधिकार मला कोणी दिला? राजर्षी शाहू महाराजांना हे कळले होते. 1906 साली त्यांनी पुढाकार घेऊन कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे केले आणि कुराण मराठीत यावे म्हणूनही आर्थिक पाठबळ दिले. मुसलमानाच्या मुलाने शिकावे आणि त्याला कळणाऱ्या भाषेत धर्मही कळावा, या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटल्या नाहीत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मोलाचा आहे. आमच्याच शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, "आपा, रकान्यात दख्खनी लिहायला लागलात, तर उद्या उर्दूवाले कमी दिसतील. पट कमी, मग शिक्षक कमी, मग शाळा बंद. बोलीचा मान राखताना जबान गमावून बसाल." त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे 1 कोटी 29 लाख 71 हजार होते आणि उर्दू ही मातृभाषा नोंदवणारे सुमारे 75 लाख 40 हजार. म्हणजे उर्दू लिहिणारे सगळे मुसलमानच होते असे धरले, तरी 54 लाखांहून अधिक मुसलमानांनी मराठी, हिंदी किंवा आणखी काही लिहिले. दख्खनीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा नाही. तिच्या नावाने पुस्तक छापले जात नाही, शिक्षक नेमला जात नाही. उर्दूच्या नावाने मात्र हे सगळे मिळते. आणि उर्दू आपल्याला नुसती नोकरी देत नाही. आपला शंभर-दीडशे वर्षांचा धार्मिक विचार, शायरी, अफसाना, वृत्तपत्रे यांचा साठा तिच्यात आहे. ते दार मुलांसाठी बंद करावे असे मी कधीही म्हणणार नाही.

उर्दूचा हक्क मागताना आपण लाजायचेही कारण नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीच्या खाली उर्दूत नाव होते. त्याला हरकत घेतली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, असाच त्या निकालाचा गाभा आहे. आपल्या सीमेपलीकडे बेळगाव-निपाणीकडचे मराठी भाषक 1956 पासून आपल्या भाषेतून कागद मिळावेत म्हणून झगडत आहेत. त्यांची मागणी आपल्याला न्याय्य वाटत असेल, तर पातूरच्या उर्दू वाचणाऱ्याची मागणीही न्याय्यच आहे. आणि हे दोन्ही पटत असेल, तर घरात दख्खनी बोलणाऱ्या पोराला आपण तोच न्याय का नाकारतो?

हा पेच आपल्याच वाट्याला आला आहे असेही नाही. उत्तर आफ्रिकेतला मोरोक्को हा मुसलमानांचा देश. तिथे ग्रंथांची आणि खुतब्याची भाषा प्रमाण अरबी, बाजारातली बोली 'दारिजा' नावाची वेगळी अरबी, डोंगरांतल्या अमाझिग म्हणजे बर्बर लोकांच्या स्वतःच्या भाषा, आणि वसाहतीच्या काळापासून बसलेली फ्रेंच. अमाझिग भाषा शाळेत आणायचे ठरले, तेव्हा ती कोणत्या लिपीत लिहायची यावर मोठा वाद झाला. अरबी लिपीवाले होते, रोमनवाले होते. 2003 साली तिफिनाघ ही त्यांची प्राचीन लिपी निवडली गेली, आणि 2011 च्या राज्यघटनेने अमाझिगला अरबीच्या जोडीने राजभाषा केले. आज तिथल्या सरकारी इमारतींवर तीन लिप्यांच्या पाट्या दिसतात. त्याच अमाझिग लोकांपैकी अठराव्या शतकातल्या मुहम्मद औझल यांनी आपल्या लोकांना धर्माचे नियम कळावेत म्हणून अरबी लिपीत, पण स्थानिक भाषेत काव्य रचले होते. धर्माला त्यांची बोली कधी अडली नव्हती. शेजारच्या अल्जीरियात 1962 च्या स्वातंत्र्यानंतर एक देश, एक भाषा हा आग्रह धरला गेला. 1980 साली तिझी उझू इथे मुलूद मामेरी यांच्या जुन्या कबिली कवितेवरील व्याख्यानाला बंदी घातली आणि त्यातून मोठे आंदोलन पेटले. तिथे अमाझिगला राजभाषेचा दर्जा मिळायला 2016 साल उजाडले.

या हकिकतीतली एक गोष्ट मला चटका लावून गेली. अमाझिगला लिपी मिळाली, दर्जा मिळाला, हे चांगलेच झाले. पण मोरोक्कोत सर्वांत जास्त लोक जी दारिजा बोलतात, तिला राजभाषेचा दर्जा अजूनही नाही. ती सगळ्यांच्या तोंडी आहे आणि रकान्यात नाही. म्हणजे सगळेच मुसलमान असले आणि राज्यही त्यांचेच असले, तरी आईच्या बोलीचा प्रश्न सुटतोच असे नाही. आपण बहुसंख्याकांकडे बोट दाखवून मोकळे होतो, तेव्हा हे लक्षात ठेवावे. बोलीला कमी लेखण्याची सवय परक्याने लावावी लागत नाही, ती घरच्या घरीही लागते.

आता माझी दुसरी कबुली. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत जाते. उर्दू शाळेतल्या अनेक शिक्षकांची मुले मराठी नाही तर इंग्रजी शाळेत जातात, हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. मी कारण असे सांगते की पुढे स्पर्धा परीक्षा मराठीत आहेत, कार्यालये मराठीत आहेत, तिला अडचण नको. कारण खरे आहे. पण मग जिच्या मुलाला मी उर्दू शाळेत घालायला समजावते, त्या चांदी जोडणाऱ्या आईला मी हे कारण का सांगत नाही? तिच्या मुलाला स्पर्धा परीक्षा नाहीत का? माझ्या शाळेचा पट टिकावा म्हणून मी तिच्यापासून माहिती लपवते आहे, असे मला त्या जूनमध्ये पहिल्यांदा वाटले. उर्दू वाचवणे हे काम चांगले आहे. पण ते दुसऱ्याच्या मुलाच्या खर्चाने आणि त्याच्या आईला न विचारता करायचे असेल, तर त्यातला चांगुलपणा कमी होतो.

हुपरीत कोणालाही विचारा, शुद्ध चांदी मऊ असते. तिचे पैंजण केले तर वाकते. म्हणून तिच्यात थोडे तांबे घालावे लागते. त्यात कोणी पाप मानत नाही. चांदी किती आहे ते सांगायला 'टंच' असतो. टंच खरा सांगितला की व्यवहार स्वच्छ. साठ टंचाचा माल नव्वदचा म्हणून विकला, की ती फसवणूक. तांबे मिसळणाऱ्याला बाजारात कोणी वाळीत टाकत नाही, टंच खोटा सांगणाऱ्याला टाकतात. भाषेचेही मला असेच वाटू लागले आहे. आपली बोली मिसळीची आहे आणि त्याच मिसळीमुळे ती चार पिढ्या रोजच्या वापरात टिकली. तिच्यात मराठी आहे याची उर्दूवाल्यांसमोर लाज, तिच्यात फारसी आहे याची मराठीवाल्यांसमोर लाज, अशा दोन्हीकडच्या लाजेपोटी आपण टंच खोटा सांगत आलो.

मग त्या रकान्यात काय लिहायचे? माझ्यापुरते मी ठरवले आहे. मी आधी विचारते. घरी मराठी बोलत असतील तर 'मराठी' लिहिते, मग शाळा उर्दूची असली तरी. दख्खनी असेल तर 'उर्दू (घरी दख्खनी)' असे लिहिते. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कंसावर हरकत घेतली, पण खोडायला लावले नाही. माध्यमाबद्दल पालकांनी विचारले, तर उर्दूत काय मिळेल आणि काय जड जाईल, दोन्ही सांगते. माझी मुलगी कुठे शिकते, हेही सांगते. या वर्षी एक पालक ते ऐकून अर्ज न भरता परत गेले. पट एकाने कमी झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण सकाळी वर्गात मुलांच्या डोळ्यांत बघताना अवघडल्यासारखे वाटले नाही.

वर्गात आता मी फळ्यावर तीन ओळी लिहिते. 'नक्को' हे घरचे, 'नको' हे मराठीचे, 'नहीं चाहिए' हे किताबी उर्दूचे. परीक्षेत तिसरे लिहायचे, दुकानात दुसरे म्हणायचे, आणि पहिले विसरायचे नाही. परवा त्याच बिस्किटवाल्या मुलाने मला विचारले, "आपा, 'नक्को' किताब में कौनसे हरूफ से लिखते?" मी नून, काफ, वाव लिहून दाखवले. मग म्हणाला, "मराठी में बी लिखो ना." तेही लिहिले. त्याने दोन्ही आपल्या वहीत उतरवून घेतले, एक उजवीकडून आणि एक डावीकडून, आणि घरी अम्माला दाखवायला घेऊन गेला.